एकच वर्ष निवडायचं तर मी १९६३ का निवडेन

पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "अमेरिकन टेलिव्हिजनच्या इतिहासातलं एकच वर्ष निवडून त्यावर निबंध लिहायचा आहे. वर्गातल्या बहुतेकांनी चंद्रावरच्या पावलामुळे १९६९ घेतलंय. तुम्ही कोणतं घ्याल? आणि निव्वळ घटनांची यादी होऊ नये म्हणून कुठून सुरुवात करू?"

मी १९६३ घेईन. कारणही सांगतो, पण ते इंजिनिअरच्या नजरेतून येईल. माझी सगळी नोकरी टीव्हीच्या कंट्रोल रूममध्ये आणि ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे स्टुडिओबाहेरून प्रसारण करणाऱ्या गाडीत गेली. आमच्या धंद्यात बातमी मोठी की छोटी हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असतो, घटना घडल्यापासून ती पडद्यावर यायला किती वेळ लागतो. १९६३ या एका वर्षात अमेरिकन टेलिव्हिजनने या वेळेशी सगळ्या बाजूंनी झुंज दिली. काही ठिकाणी जिंकलं, काही ठिकाणी हरलं, आणि डिसेंबरात तर घडून गेलेला क्षण परत आणून दाखवला. चंद्रावरचं चित्रण थोरच आहे, पण त्याची तयारी काही वर्षं चालली होती आणि तारीख आधी ठाऊक होती. १९६३ने कोणालाही तयारीला वेळ दिला नाही.

वर्षाची सुरुवात तशी साधी. फेब्रुवारीत बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या स्टेशनवर ज्युलिया चाइल्ड फ्रेंच स्वयंपाक शिकवू लागल्या. सीबीएस, एनबीसी आणि एबीसी ही तेव्हाची तीन नेटवर्क, देशभरच्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणारी. त्यातल्या एबीसीची 'जनरल हॉस्पिटल' ही मालिका एप्रिलमध्ये सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. सप्टेंबरात 'द फ्युजिटिव्ह' आली. निबंधात या तिघांना एकेक ओळ पुरे. तुमची पानं बातम्यांसाठी राखून ठेवा.

त्या काळी बातमीचं चित्र कसं प्रवास करत असे, ते आधी समजून घ्या. बातमीदाराबरोबर १६ मिलीमीटरचा फिल्म कॅमेरा असायचा. चित्रण झालं की रीळ डब्यात, डबा गाडीतून विमानतळावर, तिथून न्यूयॉर्क, मग प्रयोगशाळेत धुणं, वाळवणं, कापणं-जोडणं. थेट चित्र पाठवायचं तर टेलिफोन कंपनीची लाइन आधी ठरवून भाड्याने घ्यावी लागे. मे महिन्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये पोलिसांनी वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या मुलांवर कुत्रे सोडले, आगीच्या बंबांचे फवारे मारले. ते अमेरिकेने पाहिलं ते असं डब्यातून आलेलं. काही तास शिळं, तरी घराघरातल्या लोकांना जेवणाच्या टेबलावरून उठवणारं.

याच महिन्यातली दुसरी एक घटना फारशी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते ती निबंधात असायलाच हवी. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात डब्ल्यूएलबीटी नावाचं स्टेशन होतं. गोऱ्यांच्या वर्चस्वाची बाजू उघड घेणारं. नेटवर्कवरून काळ्या नेत्याची मुलाखत आली की त्यांच्या पडद्यावर केबलमध्ये बिघाड झाल्याची पाटी झळके. अशा स्टेशनवर २० मे १९६३ रोजी नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स बोलले. शहराच्या महापौरांनी आधी टीव्हीवरून आपली बाजू मांडली होती, आणि वादग्रस्त विषयावर दुसऱ्या बाजूलाही वेळ दिला पाहिजे हा प्रसारण आयोगाचा नियम होता. त्या नियमाच्या जोरावर एव्हर्सना साधारण सतरा मिनिटं मिळाली. गावातला एक काळा माणूस शांत आवाजात, थेट कॅमेऱ्याकडे पाहून, आपल्याच गावच्या गोऱ्यांना सांगतोय की आम्हाला काय हवंय आणि का हवंय. जॅक्सनच्या लोकांनी हे याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, ११ जूनच्या संध्याकाळी, राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नागरी हक्कांवर टीव्हीवरून देशाला उद्देशून भाषण केलं. त्याच रात्री बारा वाजून गेल्यावर एव्हर्सना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. टीव्हीवर चेहरा ओळखीचा झाला म्हणून त्यांना मारलं असं मी म्हणणार नाही, धमक्या त्यांना आधीपासूनच येत होत्या. पण त्या सतरा मिनिटांची किंमत काय होती, हे त्या गावात सगळ्यांना कळत होतं. डब्ल्यूएलबीटीविरुद्ध पुढे युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने प्रसारण आयोगाकडे आणि मग कोर्टात दाद मागितली. १९६६मध्ये कोर्टाने मान्य केलं की परवान्याच्या सुनावणीत सामान्य प्रेक्षकालाही उभं राहण्याचा हक्क आहे, आणि १९६९मध्ये त्या स्टेशनचा परवाना रद्द ठरवला. प्रसारण लहरींची मालकी जनतेची आहे हे पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रेक्षकाने कोर्टात जाऊन ते सिद्ध करून घेतलं ते असं.

२८ ऑगस्टला नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनचा मोर्चा निघाला. सीबीएसने दुपारचा बराचसा भाग थेट दाखवला. मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहिले तेव्हा तिन्ही नेटवर्क तिथे होती. हे चित्र डब्यातून आलं नाही, तारेवरून आलं. बर्मिंगहॅमची रिळं आणि लिंकन स्मारकापुढचा हा थेट आवाज यांच्यामध्ये चारच महिन्यांचं अंतर आहे. निबंधात ही दोन दृश्यं शेजारी शेजारी ठेवून बघा.

मग २ सप्टेंबर. तोपर्यंत नेटवर्कच्या संध्याकाळच्या बातम्या पंधरा मिनिटांच्या असत. जाहिराती वजा केल्या की बातमीला उरायची जेमतेम बारा-तेरा मिनिटं. त्या सोमवारी सीबीएसने निवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचं बातमीपत्र अर्ध्या तासाचं केलं. पहिल्याच अंकात केनेडींची मुलाखत होती, हायॅनिस पोर्टच्या त्यांच्या घराच्या हिरवळीवर खुर्च्या टाकून घेतलेली. व्हिएतनामबद्दल केनेडी म्हणाले की शेवटी हे युद्ध त्या लोकांचं आहे, जिंकणार किंवा हरणार ते तेच. त्याच रात्री एनबीसीने नागरी हक्कांच्या चळवळीवर सलग तीन तासांचा माहितीपट दाखवला, तोही ऐन गर्दीच्या वेळेत. आठवड्याभराने, ९ सप्टेंबरला, एनबीसीच्या हंटली-ब्रिंकली या निवेदक जोडीचं बातमीपत्रही अर्ध्या तासाचं झालं. एबीसीला ते जमायला १९६७ उजाडलं.

पंधराचे तीस झाले, यात एवढं काय, असं वाटेल. मी बातमीपत्राच्या कंट्रोल पॅनेलवर बसलेलो आहे, म्हणून सांगतो. पंधरा मिनिटांत निवेदक मथळे वाचतो, मध्ये दोन-तीन चित्रं येतात आणि संपतं. तीस मिनिटं भरायची म्हटली की गावोगाव माणसं नेमावी लागतात, लाइनी जास्त वेळ घ्याव्या लागतात, संपादक वाढतात, फिल्म कापणाऱ्यांच्या पाळ्या वाढतात. म्हणजे वाढलेल्या पंधरा मिनिटांच्या मागे सबंध यंत्रणा उभी राहते. ती उभी राहून बारा आठवडेही झाले नव्हते, तोच २२ नोव्हेंबर आला, केनेडींच्या हत्येचा दिवस.

या दिवसाबद्दल लिहिताना मुलं हळहळीच्या चार ओळी लिहून मोकळी होतात. तुम्ही तसं करू नका. तो दिवस मिनिटामिनिटाने बघा.

टेक्सासमधल्या डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तिथल्या घड्याळात दुपारचे १२:३० वाजले होते, न्यूयॉर्कमध्ये १:३०. यूपीआय या वृत्तसंस्थेचे मेरीमन स्मिथ राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यातल्या पत्रकारांच्या गाडीत होते, त्या गाडीतल्या फोनवरून त्यांनी चार मिनिटांत बातमी सोडली. न्यूयॉर्कच्या १:४०ला सीबीएसवर 'अॅज द वर्ल्ड टर्न्स' ही मालिका चालू होती. ती मालिका तेव्हा थेट सादर होत असे. स्टुडिओत नटमंडळी संवाद म्हणत होती, आणि प्रेक्षकांच्या पडद्यावर अचानक एक पाटी आली: सीबीएस न्यूज बुलेटिन. पाटीमागून क्रॉन्काइट यांचा आवाज. माणूस दिसत नाही, फक्त आवाज.

का? तर कॅमेरा थंड होता. त्या काळचे कॅमेरे व्हॉल्व्हवर आणि मोठ्या चित्रनळीवर चालत. चालू केल्यावर चित्र स्थिर व्हायला वीसेक मिनिटं लागत. बातमीपत्र संध्याकाळी, म्हणून दुपारी कॅमेरा बंद. देशातली सगळ्यात मोठी बातमी हातात आणि दाखवायला चेहरा नाही.

मी नळीचे कॅमेरे हाताळलेत, आमच्यापर्यंत आले तोवर ते बरेच सुधारले होते तरीही. ओबीला सामना दहाला असेल तर आम्ही साडेसहा-सातला मैदानावर. कॅमेरे चालू करायचे, तापू द्यायचे, मग समोर तक्ता उभा करून लाल, हिरव्या, निळ्या नळ्यांची चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसवायची. घाई केली तर खेळाडूच्या पांढऱ्या टोपीला लाल कडा दिसायची. एका ठिकाणी रात्रपाळीला वीज वाचवा असा हुकूम निघाला म्हणून स्टुडिओचा कॅमेरा बंद ठेवला होता, आणि नेमकी त्याच रात्री तातडीची बातमी आली. आम्हीही पाटी लावून आवाज सोडला. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये राखाडी धुकं हळूहळू निवळताना बघत उभं राहणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. त्यामुळे सीबीएसचं ते रेकॉर्डिंग पाहताना माझं लक्ष अजूनही त्या पाटीवर खिळतं. पुढे सीबीएसने तातडीच्या बातमीसाठी कॅमेरा कायम तापलेला राहील अशी सोय केली.

त्या पहिल्या बुलेटिननंतर जाहिरात लागली आणि मालिका परत सुरू झाली. हेही नोंदवा. एवढी मोठी बातमी आली की नेमकं काय करायचं, याची रीतच तेव्हा पडलेली नव्हती. दोनच्या सुमाराला क्रॉन्काइट पडद्यावर आले, बिनकोटाचे, मागे न्यूजरूमची धावपळ.

एनबीसीत वेगळीच अडचण. त्यांचे बातमीदार रॉबर्ट मॅकनील डॅलसच्या हॉस्पिटलमधून फोनवर होते, पण फोनचा आवाज प्रसारणात घ्यायची जोडणी होईना. स्टुडिओत बसलेल्या फ्रँक मॅकगी यांनी रिसीव्हर कानाला लावला. मॅकनील एक वाक्य सांगणार, मॅकगी तेच वाक्य देशाला सांगणार. वाक्य, विराम, वाक्य, विराम. मध्येच जोडणी लागली आणि मॅकनील यांचा आवाज ऐकू येऊ लागला, तरी मॅकगी आपले वाक्यामागून वाक्य म्हणतच राहिले. यंत्र कमी पडलं तिथे माणूस तार झाला. मला यात कुठेही गबाळेपणा दिसत नाही. कामाची निष्ठा दिसते.

आता सीबीएसवरची त्यापुढची मिनिटं. डॅलसच्या केआरएलडी स्टेशनचे एडी बार्कर यांनी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरकडून कळल्याचं सांगितलं की राष्ट्राध्यक्ष गेले. सीबीएसचे डॅन रॅदर डॅलसमध्येच होते, त्यांच्याकडूनही तेच आलं. क्रॉन्काइट यांनी दोन्ही गोष्टी प्रेक्षकांना सांगितल्या, पण दर वेळी स्पष्ट केलं की याला अधिकृत दुजोरा नाही. स्वतःच्याच माणसाने सांगितलेलं असूनही. न्यूयॉर्कच्या घड्याळात २:३८ झाले तेव्हा वृत्तसंस्थेचा कागद हातात आला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला: मध्यवर्ती वेळेनुसार एक वाजता, पूर्वेकडच्या वेळेनुसार दोन वाजता, म्हणजे सुमारे ३८ मिनिटांपूर्वी राष्ट्राध्यक्षांचं निधन झालं. चष्मा काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि पुढची बातमी सांगायला लागले. लोक त्या आवंढ्याबद्दल बोलतात. मला घड्याळाकडे टाकलेली नजर जास्त महत्त्वाची वाटते. भावना अनावर होत असतानाही तो माणूस वेळ तपासून सांगत होता.

याच दिवशी वेळेने टेलिव्हिजनला हरवलंही. एब्राहम झप्रूडर यांच्या हौशी कॅमेऱ्यात हत्येचं चित्रण सापडलं होतं. ते डॅलसच्या डब्ल्यूएफएए स्टेशनवर आले, तिथे त्यांची थेट मुलाखतही झाली. पण फिल्म होती ८ मिलीमीटरची रंगीत, आणि स्टेशनच्या प्रयोगशाळेत ती धुण्याची सोय नव्हती. ती कोडॅककडे न्यावी लागली, पुढे हक्क 'लाइफ' साप्ताहिकाने घेतले. अमेरिकेच्या नेटवर्क टीव्हीवर ते चलचित्र दिसायला मार्च १९७५ उजाडला. गोळी लागल्यावर दोन तासांच्या आत ती फिल्म टीव्ही स्टेशनच्या इमारतीत आली होती, आणि पडद्यावर यायला तिला अकरा वर्षं लागली.

पुढचे चार दिवस तिन्ही नेटवर्कनी जाहिराती बंद ठेवल्या, मालिका बंद ठेवल्या. एनबीसीने या चार दिवसांत ७१ तासांहून अधिक प्रसारण केलं. रविवारची रात्रभर वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, घुमटाखालून शवपेटीसमोरून सरकणारी रांग त्यांनी दाखवत ठेवली. निवेदन फार थोडं, पावलांचा आवाज जास्त. न बोलता नुसतं दाखवत राहण्याचं धाडस टेलिव्हिजनला त्या रात्री आलं.

त्याच रविवारी सकाळी डॅलसच्या पोलीस मुख्यालयाच्या तळघरातून हत्येच्या आरोपावरून पकडलेल्या ली हार्वी ऑस्वाल्डला हलवत होते. एनबीसीने काही क्षण आधीच डॅलसहून येणारं थेट चित्र हवेत घेतलं होतं. ११:२१ला जॅक रूबी नावाचा माणूस पुढे घुसला आणि गोळी झाडली. एनबीसीचे बातमीदार टॉम पेटिट काही फुटांवर मायक्रोफोन धरून उभे होते. खराखुरा खून देशभर थेट दिसला. सीबीएसचा कॅमेराही तिथे होता, पण त्या क्षणी नेटवर्कवर दुसरं चित्र होतं, त्यांनी टेपवरून लगेच मागोमाग दाखवलं. एबीसीने आपली गाडी आधीच तुरुंगाकडे हलवली होती. तीन नेटवर्क, तीन निर्णय, आणि फरक काही सेकंदांचा. स्विचरवर बसून कोणतं चित्र हवेत जाईल ते निवडणाऱ्या माणसाला याची धास्ती आयुष्यभर असते.

उपग्रहाचीही एक गोष्ट इथेच येते. रिले-१ या अमेरिकन उपग्रहावरून प्रशांत महासागरापलीकडे टीव्हीचं पहिलं प्रसारण नेमकं २२ नोव्हेंबरलाच करायचं ठरलं होतं. त्यात जपानी जनतेला केनेडींचा आधी रेकॉर्ड केलेला संदेश दाखवणार होते. जपानात २३ नोव्हेंबरची सकाळ होती. संदेशाऐवजी गेली ती त्यांच्या हत्येची बातमी. हे उपग्रह आकाशात एका जागी थांबणारे नव्हते. वीसेक मिनिटं दिसायचे आणि क्षितिजाखाली जायचे. त्या वीस मिनिटांत काय पाठवायचं ते बदलून पाठवणं, हे काम कोणी केलं त्यांची नावं सहसा लिहिली जात नाहीत. आपल्याकडे तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत, तोही प्रायोगिक. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडायचा होता. महाराष्ट्राला ही बातमी रेडिओने आणि वर्तमानपत्रांनी सांगितली.

शेवटची घटना डिसेंबरातली. सैन्यदल आणि नौदल यांच्या अकादमींचा अमेरिकन फुटबॉलचा सामना हत्येमुळे आठवडाभर पुढे ढकलला होता. तो ७ डिसेंबरला फिलाडेल्फियात लाखभर प्रेक्षकांसमोर झाला. सीबीएसचे दिग्दर्शक टोनी व्हर्ना ३० वर्षांचे. त्यांच्या डोक्यात होतं की आत्ताच झालेला खेळ लगेच पुन्हा दाखवायचा. आज हे मोबाइलवर बोट फिरवून होतं, म्हणून तेव्हा अडचण काय होती ते सांगतो. व्हिडिओटेप यंत्र अर्ध्या टनाहून जड, टेप दोन इंच रुंद. उलटी फिरवून थांबवलीत तर नेमकी कुठे थांबली ते कळायला मार्ग नाही, काउंटर ढोबळ. पुन्हा चालवली की चित्र स्थिर व्हायला काही सेकंद जातात. नवीन असताना मी दोन इंची टेपवर काम केलंय. चाकं गर्रकन फिरू लागली की चित्र आधी फाटायचं, गुंडाळायचं, आणि मग एकदम बसायचं. तोवर श्वास रोखून धरायचा.

व्हर्ना यांनी तोडगा काढला तो आवाजाचा. खेळाडू घोळका करून डाव ठरवतात तेव्हा टेपच्या ध्वनिपट्टीवर एक खूण, रांगेत उभे राहतात तेव्हा वेगळी खूण, असे बीप भरायचे. टेप मागे नेऊन चालवताना बीप कानावर पडले की चित्र कुठे आहे ते कळतं. चित्र बिघडलेलं असतानाही आवाजावरून जागा सापडते. सामन्यात सुरुवातीचे प्रयत्न फसले. टेपवर आधीचं रेकॉर्डिंग होतं, त्याचे तुकडेही मध्ये दिसत होते. चौथ्या सत्रात सैन्यदलाच्या रॉली स्टिचवेने टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवले, आणि तेवढा एक तुकडा स्वच्छ निघाला. व्हर्ना यांनी तो हवेत सोडला, नेहमीच्याच गतीने. समालोचक लिंडसे नेल्सन यांना ओरडून सांगावं लागलं की हे थेट नाही, सैन्यदलाने पुन्हा गुण मिळवलेले नाहीत. प्रेक्षकांना तोवर एकच गोष्ट माहीत होती, पडद्यावर मैदान दिसतंय म्हणजे ते आत्ताच घडतंय. सामना नौदलाने २१-१५ जिंकला. सैन्यदल गोलरेषेपासून दोन यार्डांवर असताना घड्याळ संपलं.

सुरुवात कुठून करू, हे तुमचं दुसरं विचारणं. सीबीएसचं २२ नोव्हेंबरचं रेकॉर्डिंग जपलेलं आहे आणि पाहायला मिळतं. १:४०ची पाटी येते तिथून ते लावा, शेजारी घड्याळ आणि वही ठेवा. २:३८पर्यंतचं एक मिनिटही पुढे ढकलू नका. काय सांगितलं, कोणाच्या हवाल्याने सांगितलं, तेव्हा पडद्यावर काय दिसत होतं, हे तीन रकान्यांत लिहीत जा. आपलं पहिलं पान त्या वहीतून काढा.